अरुंद वाटेवर दोघें

विलायतेच्या प्रवासाचीं वर्णनें मराठी वाचकांस नवीं नाहींत. लंडनचे पूल, तेथील वस्तुसंग्रहालयें, राजवाड्यापुढील पहारेकऱ्यांची बदली हें सारें अनेकांनीं आमच्याहून अधिक अधिकारानें लिहून ठेविलें आहे. त्यांत भर घालण्याचा आमचा विचार नाहीं. आम्हीं पाहिलें तें फार थोडें: सात दिवस, एक भाड्याची मोटार, इंग्लंडांतील दहा-बारा खेडीं, आणि त्या मोटारींत बसलेलीं आम्ही दोघें. यांपैकीं शेवटचें दर्शन आम्हांस सर्वांत अनपेक्षित होतें, म्हणूनच हा लेख लिहिण्याचें धाडस करीत आहों.

येथें ‘आम्ही’ हें संपादकी थाटाचें बहुवचन नव्हे, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. आम्ही खरोखरच दोघें आहों व लेखहि दोघांनीं मिळून लिहिला आहे. जेथें एकाला दुसऱ्यापासून वेगळें काढल्यावांचून गत्यंतर नव्हतें, तेथें ‘गृहस्थ’ आणि ‘गृहिणी’ हे शब्द योजिले आहेत. ज्या वाक्यावर दोघांचें एकमत झालें नाहीं तें गाळलें आहे. आणि अशीं वाक्यें थोडीं नव्हतीं.

आमचें घर पुण्याच्या एका जुन्या पेठेंत, एका बोळाच्या टोंकाला आहे. आई, थोरले दादा व वहिनी, धाकटे बंधु व त्यांचें कुटुंब, मुलेंबाळें असा अकरा माणसांचा संसार एका स्वयंपाकघरावर चालतो. लग्नानंतर आम्ही चार दिवस महाबळेश्वरीं दोघेंच राहिलों होतों. पुढील तीस वर्षांतील प्रत्येक प्रवासांत कोणी ना कोणी बरोबर होतेंच, आणि त्यांत आम्हांस कधीं उणें वाटलें नाहीं. एकत्र कुटुंबांत नवराबायकोचें बोलणें बहुधा तिसऱ्याच्या मार्फत चालतें. ‘बाबांना सांग, पान वाढलें आहे,’ ‘आईला विचार, किल्ल्या कोठें ठेवल्या आहेत,’ असा हा व्यवहार असतो. या टपालाची इतकी संवय होऊन जाते कीं, पत्र हातोहात देतां येतें हेंच माणूस विसरतें.

२०२३ सालच्या मे महिन्यांत आमच्या मुलानें आम्हांस इंग्लंडांत बोलाविलें. तो नोकरीनिमित्त रेडिंग येथें राहतो. त्यानें सात दिवसांची सहल आंखली, मुक्काम ठरविले, मोटार भाड्यानें घेतली. आणि निघण्याच्या आदल्या दिवशीं त्याला कामावरून बोलावणें आलें. पैसे भरलेले होते. ‘तुम्ही दोघें जा,’ तो म्हणाला. ही बातमी पुण्यास फोनवरून कळविली तेव्हां आई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘दोघेंच? मग भांडण लागलें तर सोडवायला कोण?’ आम्ही हंसलों. आईंच्या बोलण्याकडे थोडें अधिक लक्ष द्यावयास हवें होतें.

मोटारीच्या बाबतींत आमच्यासारख्यांना इंग्लंड परकें वाटत नाहीं. आपला परवाना चालू असेल तर पाहुण्यास तेथें बारा महिन्यांपर्यंत त्यावर मोटार हांकतां येते. रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच. मात्र अंतरें आणि वेगाच्या पाट्या अजूनहि मैलांच्या हिशेबानें असतात. वर्तुळाकार चौकांत उजवीकडून येणाऱ्यास आधीं जाऊं द्यावयाचें असा नियम आहे, व आश्चर्य असें कीं तो पाळला जातो. पहिल्या दिवसभरांत आम्हांस एकच भोंगा ऐकूं आला, आणि तो आम्हींच वाजविलेला होता.

आमचा रोख कॉट्सवोल्ड्स नांवाच्या टेकड्यांच्या मुलुखाकडे होता. ऑक्सफर्डच्या पश्चिमेस सुमारें आठशें चौरस मैल पसरलेला हा प्रदेश १९६६ सालीं निसर्गसौंदर्यासाठीं कायद्यानें राखीव ठरविण्यांत आला. ऑक्सफर्ड मागें पडलें, मोठा रस्ता सुटला, दोहों बाजूंस हिरवीं कुरणें आणि पांढऱ्या फुलोऱ्यानें लवलेलीं कुंपणें सुरूं झालीं. आणि आमच्या ध्यानांत आलें कीं, तासाभरांत आम्ही रस्त्यावांचून दुसऱ्या कोणत्याहि विषयावर एक अक्षर बोललेलों नाहीं. घरीं पंक्तीला आम्ही बरेच बोलके गणले जातों. येथें विषय काढावा तर तो घरचाच निघे: आईंचीं औषधें वेळेवर दिलीं जात असतील ना, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी कोण घालीत असेल. हे दोन विषय बर्फर्ड गांव येईपर्यंत पुरले. तेथें गांवाचा मुख्य रस्ता टेकडीवरून सरळ विंडरश नदीवरच्या जुन्या दगडी पुलापर्यंत उतरत जातो. पूल ओलांडतांना आम्हीं एकदमच ‘छान आहे’ म्हटलें, आणि पुन्हां गप्प झालों. तीस वर्षांच्या सहवासानंतर एकमेकांपुढें पाहुण्यासारखें संकोचून बसण्याचा तो प्रसंग मोठा चमत्कारिक होता.

दुसरे दिवशीं बायबरी पाहिलें. कोल्न नदीच्या कांठीं अर्लिंग्टन रो म्हणून बैठ्या घरांची एक ओळ आहे. १३८० च्या सुमारास मठाच्या लोंकरीचें कोठार म्हणून ती इमारत उभारली गेली व सतराव्या शतकांत तिच्यांत विणकरांचीं बिऱ्हाडें झालीं. दगड मधाच्या रंगाचा. कोट्यवधि वर्षांपूर्वीं येथें उथळ, कोंबट समुद्र होता. त्याच्या तळाशीं खसखशीसारखे बारीक चुनखडीचे दाणे सांचून हा दगड बनला आणि त्यांतील लोहामुळें त्याला सोनेरी छटा आली. छपरेंहि दगडी फरशांचींच. वळचणीला मोठ्या फरशा व आढ्याकडे लहान होत गेलेल्या.

हें सारें वैभव मेंढ्यांच्या पाठीवरून आलेलें आहे. मध्ययुगांत इंग्लंडची श्रीमंती लोंकरीवर उभी होती. तेथील उमरावांच्या सभेंत अध्यक्षाचें आसन म्हणून आजहि लोंकरीनें भरलेली गादीच असते. पुढें वाफेचीं यंत्रें आलीं, कापडाच्या गिरण्या कोळशाच्या खाणींजवळ उत्तरेकडे गेल्या, आणि ह्या गांवांचा धंदा बसला. जुनीं घरें पाडून नवीं बांधण्यास पैसा उरला नाहीं, म्हणून जुनीं तशींच राहिलीं. आज ज्या सौंदर्यासाठीं जगभरचे लोक येथें गर्दी करतात तें असें दारिद्र्यानें सांभाळून ठेविलेलें आहे. मात्र आतां तेथील घरांच्या किंमती इतक्या चढल्या आहेत कीं, त्याच गांवांत जन्मलेल्या तरुणास तेथें बिऱ्हाड करणें अवघड झालें आहे. कित्येक घरांचे मालक शहरांत राहतात व शनिवार-रविवारीं येतात. खिडक्या रंगविलेल्या, बाग राखलेली, आणि आंत कोणी नाहीं. कोंकणांतील आपल्या आळींतील बंद घरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना ही शांतता ओळखूं येईल.

आमच्या मतभेदाला येथेंच सुरुवात झाली. गृहस्थांनीं प्रत्येक दिवसाचा तक्ता केलेला होता: इतके वाजतां अमुक गांव, इतके वाजतां तमुक देऊळ. गृहिणी एका महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकवितात. त्यांना गांवांपेक्षां गांवांमधील कुंपणें अधिक पाहावयाचीं होतीं. इंग्लंडांतील हीं झाडांचीं कुंपणें म्हणजे एक प्रकारचें दप्तरच आहे. मॅक्स हूपर नांवाच्या शास्त्रज्ञानें एक ढोबळ ठोकताळा बसविला होता: कुंपणाचा तीस यार्डांचा तुकडा घ्यावा, त्यांत झाडाझुडपांच्या किती जाती आहेत त्या मोजाव्या, आणि दर जातीला शंभर वर्षें धरावीं. नुसत्या हॉथॉर्नचें कुंपण असेल तर तें बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतलें. १६०४ पासून १९१४ पर्यंत पार्लमेंटानें पांच हजार दोनशेंहून अधिक कायदे करून सुमारें अडुसष्ट लाख एकर जमीन अशी बंदिस्त केली. ज्या माळावर गांवाचीं गुरें चरत, तो एकेकाच्या मालकीचा झाला. परंतु त्याच हॉथॉर्नमध्यें हेझल, मेपल, ब्लॅकथॉर्न, होली, रानगुलाब मिसळलेले दिसले, तर तें कुंपण त्या कायद्यांच्याहि फार पूर्वींचें समजावें.

‘थांबवा हो जरा,’ गृहिणी म्हणत. ‘साडेअकराला पोंचायचें आहे,’ गृहस्थ उत्तर देत. असें दोन दिवसांत नऊ वेळां झालें. नऊ हा आंकडा गृहिणींचा आहे. गृहस्थांना तो चारपांच वाटतो.

तिसरे दिवशीं अप्पर स्लॉटर येथें मात्र तक्ता आपोआप बाजूला पडला. गांवाच्या नांवाचा आजच्या इंग्रजींत कत्तल असा अर्थ होईल. पण मुळांत तो चिखलाच्या जागेसाठीं असलेला जुना शब्द आहे. इंग्लंडांत जवळजवळ प्रत्येक खेड्यांत पहिल्या महायुद्धांत पडलेल्यांच्या नांवांचा स्तंभ असतो. मूठभर घरांच्या गांवांत दहा-दहा, पंधरा-पंधरा नांवें आणि त्यांत एकच आडनांव दोनदां-तीनदां आलेलें, असें आम्हीं दोन दिवस पाहत होतों. अप्पर स्लॉटरचे सर्व सैनिक दोन्ही महायुद्धांतून जिवंत परत आले. पहिल्या महायुद्धांतून सर्व सैनिक परत आलेल्या थोड्या गांवांना आर्थर मी या लेखकानें १९३० नंतरच्या दशकांत ‘कृतज्ञ गांवें’ असें नांव दिलें. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे कित्येक जवान त्याच पहिल्या महायुद्धांत कामास आले. तें गांव आम्हांस तेथें आठवलें. ओढ्याच्या उथळ पाण्यांतून रस्ता पलीकडे जातो, तेथें आम्ही बराच वेळ उभीं होतों. कोण परत आलें याची गणति गांव करतें. जाऊं दिलें कोणीं, त्यांच्या नांवाचा स्तंभ कोठें नसतो, असें गृहिणी म्हणाल्या. गृहस्थांना वाटलें, हें त्या युद्धाविषयीं बोलत आहेत.

चौथे दिवशीं सकाळीं डेल्सफर्डच्या लहानशा चर्चच्या आवारांत गेलों. तेथें वॉरन हेस्टिंग्ज याची समाधि आहे. ज्याच्या कारकीर्दींत इंग्रज-मराठ्यांचें पहिलें युद्ध झालें आणि १७८२ सालीं महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनें सालबाईचा तह झाला, तोच हा हेस्टिंग्ज. चार्ल्स विल्किन्सच्या १७८५ सालच्या इंग्रजी भगवद्गीतेच्या आरंभींचें पत्रहि त्याचेंच. डेल्सफर्डची वडिलोपार्जित जमीन त्याच्या घराण्याच्या हातून गेली होती. ती परत मिळविण्याचा निश्चय त्यानें लहानपणींच केला होता, असें तो पुढें सांगत असे. १७८८ सालीं त्यानें ती विकत घेतली आणि तेथेंच १८१८ च्या ऑगस्टमध्यें देह ठेविला. त्याच वर्षीं जूनमध्यें दुसरे बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले होते. ज्यानें दुसऱ्यांचीं राज्यें हालविलीं त्याला अखेर स्वतःचें गांव तेवढें हवें होतें! गृहस्थांना हा विचार फार भावला व त्यांनीं तो मोटारींत दोनदां बोलून दाखविला. त्यामुळें तक्त्याला उशीर झाला. तो भरून काढण्यासाठीं त्यांनीं जवळची वाट धरली.

ती वाट एका मोटारीपुरती होती. दोन्ही बाजूंस मोटारीहून उंच कुंपणें, वर फांद्यांची कमान, पुढें उतार. अशा रस्त्यांवर ठिकठिकाणीं डोलीएवढी जागा रुंद करून ठेविलेली असते. समोरून कोणी आलें तर एकानें तेथें थांबावयाचें. चढून येणाऱ्यास शक्यतों वाट द्यावी, आणि जरूर पडल्यास अशा जागेपर्यंत मागें जावें, असा तेथील नियम आहे. आपल्या घाटांतहि चढत्या गाडीला मान असतो, तेव्हां आम्हांस तो पाठ होता. वळणावर समोर ट्रॅक्टर उभा राहिला. त्यामागें गवताच्या भाऱ्यांनीं भरलेली गाडी जोडलेली. तो चढत होता, आम्ही उतरत होतों. मागची रुंद जागा दीडशें पावलांवर. मागें कोणीं घ्यावयाचें यांत शंकेला जागाच नव्हती.

गृहस्थांनीं मोटार मागें घेण्यास सुरुवात केली. प्रथम ती डावीकडे कुंपणांत गेली. मग पुढें घेऊन पुन्हां मागें घेतली, ती उजवीकडे चरांत उतरूं लागली. आरसा दुमडला, कांट्यांनीं दारावर रेघा ओढल्या. गृहस्थांच्या कपाळावर घाम आला. गृहिणींनीं ‘उजवीकडे थोडें’ म्हटलें तेव्हां ‘मला येतें’ असें उत्तर मिळालें. समोरच्या शेतकऱ्यानें ट्रॅक्टर बंद केला, थर्मॉस काढला आणि सावकाश चहा ओतून घेतला. त्या शांतपणानें गृहस्थांचा उरलासुरला धीर सुटला. अखेर गृहिणी म्हणाल्या, ‘तुम्ही उतरा.’

त्या चाकाशीं बसल्या. मान मागें वळवून त्यांनीं मोटार एका दमांत, एकहि फांदी न लागूं देतां, दीडशें पावलें मागें नेऊन त्या रुंद जागेंत अलगद लावली. ट्रॅक्टर वर आला. जातांना शेतकऱ्यानें हात उंच करून आभार मानले. गृहस्थ वाटेंतून चालत आले, आणि त्यांनीं विचारलें, ‘हें तूं कोठें शिकलीस?’

‘आपल्या बोळांत. रोज संध्याकाळीं.’

हें स्पष्ट करून सांगितलें पाहिजे. आमच्या बोळांत मोटार वळविण्यास जागा नाहीं. ती रात्रीं उलटी आंत आणावी लागते, म्हणजे सकाळीं थेट बाहेर पडतां येतें. कॉलेजांतून आल्यावर गृहिणी ती तशी आणून लावतात. अठरा वर्षें लावीत आहेत. गृहस्थ रविवारीं मोटार काढतात तेव्हां ती नेहमीं बाहेर तोंड करून उभी असते. ती तशी कशी असते, हा प्रश्न त्यांना अठरा वर्षांत एकदांहि पडला नव्हता.

मुक्काम एका शेतवाडीवर होता. मालकीणबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. मुलें दूर शहरांत. गांवांतलें दुकान मिटलेलें. तांबड्या रंगाची टेलिफोनची खोली गांवानें पुस्तकें ठेवण्यास घेतलेली. आमच्या घरीं अकरा माणसें आहेत हें ऐकतांच त्यांनीं हातांतली चहादाणी खालीं ठेविली आणि, सगळ्यांचे वाढदिवस लक्षांत कसे ठेवतां, एवढेंच विचारलें. बोलतां बोलतां त्यांनीं सांगितलें कीं, पति हयात होते तोंवर मोटार तेच हांकीत. ते गेले तेव्हां गांवांतून आठवड्यास दोनच बस जात होत्या. साठी उलटल्यावर त्या मोटार शिकल्या. ‘बाकी सगळें लवकर आलें,’ त्या म्हणाल्या, ‘मागें घेणें तेवढें शेवटीं आलें. तें नेहमीं तेच करीत ना.’

त्या रात्रीं आम्ही खऱ्या अर्थानें बोललों. गृहिणींनीं पिशवींतून एक पत्र काढून दिलें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सड्यांवरील वनस्पतींची दोन वर्षांची पाहणी व्हावयाची होती. तींत येतां काय, असें त्यांत विचारलेलें होतें. पावसाळ्यांत चार महिने त्या जांभ्या दगडाच्या पठारांवर जीं फुलें येतात, दीपकाडी, सीतेचीं आसवें, गेंद, त्यांवरच गृहिणींचा सारा जीव आहे. उत्तर मेअखेरपर्यंत द्यावयाचें होतें. पत्र मार्चमध्यें आलेलें होतें.

‘असेंच एक पत्र २००४ सालींहि आलें होतें,’ त्या म्हणाल्या.

तें गृहस्थांना आठवत होतें. त्यांची आठवण अशी कीं, ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. त्या वर्षीं वडील पक्षाघातानें अंथरुणावर होते, मुलगा आठ वर्षांचा होता, आणि निवड झाली नाहीं हें एका परीनें बरेंच झालें, असें त्यांना तेव्हां वाटलें होतें. खरी हकीकत अशी होती कीं, निवड झालेली होती. नकाराचें पत्र गृहिणींनीं स्वतः टाकलें होतें व घरीं उलटें सांगितलें होतें.

गृहस्थ आधीं रागावले. ‘मला विचारायला नको होतें काय?’

‘विचारलें असतें, आणि तुम्हीं जा म्हटलें असतें, तर घराला वाईट वाटलें असतें. नको म्हटलें असतें, तर मला. नकार कोणाच्या तरी नांवावर पडणारच होता. म्हणून मींच मागें घेतलें.’

हें वाक्य या लेखांत असावें कीं नसावें, यावर आमचें एकमत होण्यास पुष्कळ दिवस लागले. तें ठेवावें असा आग्रह शेवटीं गृहस्थांनीं धरला.

पुढचे तीन दिवस मोटार आळीपाळीनें हांकिली. चिपिंग कॅम्डनचा १६२७ सालचा बाजारमंडप पाहिला. रस्त्यांत सात ठिकाणीं थांबून कुंपणें मोजलीं, आणि एका तीस यार्डांत आठ जाती मिळाल्या तेव्हां हर्षानें ओरडले ते गृहस्थ. शेवटीं दक्षिणेस लॅकॉक येथें पोंचलों. तें गांव मॅटिल्डा टॅल्बट या बाईंनीं १९४४ सालीं नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकिलें. तेथील मठांत त्यांच्याच घराण्यांतील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनीं १८३५ सालीं एका खिडकीची उलटी प्रतिमा कागदावर उतरविली. तशी प्रतिमा त्यापूर्वींची आज कोठें उपलब्ध नाहीं. उजेड तेवढा काळा आणि काळोख तेवढा पांढरा. खिडकी अजून जागेवर आहे. तिच्यासमोर आम्ही बराच वेळ होतों.

त्या अरुंद वाटांवर आम्हीं एक गोष्ट नीट पाहिली. तेथें कोणाला तरी मागें घ्यावेंच लागतें, त्याला इलाज नाहीं. दोघांनींहि हट्ट धरला तर वाटच बंद पडेल. परंतु दोन गोष्टी तेथें सहसा चुकत नाहींत. मागें घेणाऱ्यास हात केल्यावांचून कोणी पुढें जात नाहीं. आणि आज ज्यानें मागें घेतलें त्याच्यावर उद्यां तीच पाळी येईल असें नाहीं, कारण ती पाळी जागेवर ठरते, माणसावर नाहीं. एकत्र कुटुंबाची वाटहि अरुंदच असते. अकरा माणसें त्या वाटेनें रोज ये-जा करतात, आणि ती मोकळी राहते ती कोणी तरी मागें घेतें म्हणून. आमच्याकडून चूक झाली ती अशी कीं, मोटार बाहेर तोंड करून उभी असते हें आम्हीं पाहिलें. ती कोणीं लावली हें विचारलें नाहीं.

पुण्यास आल्यावर सर्वांसमोर पत्र वाचलें. २००४ ची हकीकतहि सांगितली. आई पुष्कळ वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, ‘तेव्हां मला विचारलें असतेंत तर मी काय म्हटलें असतें तें देवाला ठाऊक. कदाचित् नकोच म्हटलें असतें. पण विचारलें नाहीं, म्हणून नको म्हणण्याचें पाप माझ्याकडून टळलें असें मी समजायचें, कीं जा म्हणण्याचें पुण्य हुकलें असें? आतां विचारतां आहांत, तर जा.’

२०२३ च्या जूनमध्यें पहिल्या पावसाबरोबर गृहिणी सिंधुदुर्गास गेल्या आणि २०२५ च्या उन्हाळ्यांत काम संपवून परत आल्या. त्या दोन वर्षांत आईंना डॉक्टरांकडे नेणें-आणणें गृहस्थांनीं केलें. बोळांत मोटार उलटी घेण्यासहि ते शिकले. शेजारच्या वाड्याच्या भिंतीवर त्या शिक्षणाचे तीन ओरखडे आहेत. दोघांचें बोलणें रोज रात्रीं फोनवर होई, आणि आतां मध्यें टपालवाला कोणी नव्हता.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे, नाहीं तर हिशेब पुरा होणार नाहीं. ह्या दोन वर्षांत गृहिणींच्या वांट्याचें स्वयंपाकघर वहिनींनीं ओढलें, आणि तें कोणीं त्यांना सांगितलें म्हणून नव्हे. हें आमच्या लक्षांत येण्यास या वेळीं अठरा वर्षें लागलीं नाहींत, सहा महिने लागले, एवढीच सुधारणा. गेल्या महिन्यांत आम्हीं दादा-वहिनींच्या हातीं मोटारीची किल्ली दिली व आठ दिवस कोंकणांत दोघांनींच जाऊन यावें असें सुचविलें. दादा म्हणाले, ‘दोघेंच? आणि बोलायचें काय?’ वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं किल्ली उचलून कमरेला खोंचली. दादांना मोटार मागें घेतां येत नाहीं, हें आम्हीं त्यांना मुद्दामच सांगितलेलें नाहीं.